तिसऱ्यांदा हेड गॅस्केट गेलं: फेस मारूनही गाडी घाटात का तापते?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर रात्री मासळी भरायची, वर बर्फ टाकायचा आणि पहाटेपर्यंत कोल्हापूर गाठायचं. हा धंदा करणारी एक डिझेल पिकअप सात महिन्यांत तीनदा माझ्या गॅरेजला आली, तीनही वेळा एकच तक्रार. हातखंबा, नाणीज, साखरपा इथपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलत नाही. आंबा घाटाची चढण लागली की थोड्याच वळणांत काटा वर, बाटलीतलं पाणी बाहेर, आणि मग मला मालकाचा फोन: "मेस्त्री, गाडीनं परत पानी भायेर मारलान."

पहिल्या दोन वेळा मीच चुकलो, हे आधी सांगून टाकतो. ऑक्टोबरात हेड, म्हणजे सिलिंडरांच्या ब्लॉकवर बोल्टांनी बसणारं झाकण, उतरवलं, वाकलेलं दिसलं, फेस मारून (खालची बाजू मशीनवर घासून सपाट करून) आणला, दोघांच्या मध्ये बसणारं नवीन गॅस्केट टाकलं, गाडी दिली. चार महिने चालली. फेब्रुवारीत गॅस्केट त्याच जागी, दोन आणि तीन नंबर सिलिंडरच्या मध्ये, जळलं. मी गॅस्केटच्या कंपनीला नावं ठेवली, बोल्ट नवीन टाकले, पुन्हा हलका फेस मारला. या वेळी आठच आठवडे. एप्रिलमध्ये आंब्याचा सीझन ऐन भरात असताना गाडी टोचन करून परत दारात. तेव्हा मात्र पाने खाली ठेवले आणि पहिल्यापासून सगळं मोजायला बसलो.

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच गाड्यांना हेच दुखणं असतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

हेड खोलण्याआधी

गाडी तापली म्हणजे गॅस्केट गेलंच असं नाही, आणि पाणी कमी होतंय म्हणजे ते सिलिंडरातच जातंय असंही नाही. हेड खोलणं म्हणजे दोन दिवसांचं काम आणि मालकाचं दोन फेऱ्यांचं नुकसान. त्यामुळे आधी बाहेरून जेवढं कळतं तेवढं काढून घ्यायचं.

सगळ्यात सोपी खूण सकाळी मिळते. रात्रभर थंड पडलेली गाडी चालू करा आणि रेडिएटरचा वरचा होस हाताने दाबत राहा. पाणी तापायला काही मिनिटं लागतात, दाब यायलाही तेवढाच वेळ लागायला हवा. होस थंडच आहे आणि अर्ध्या-एक मिनिटात दगडासारखा कडक झाला, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरातल्या गॅसचा आहे. थंड असतानाच झाकण काढून चालू केली तर बुडबुडे एकसारखे येत राहतात. सुरुवातीला दोनचार येऊन थांबले तर ती अडकलेली हवा असते, तिला घाबरू नका. निळ्या औषधाची टेस्टर ट्यूब मिळते, ती रेडिएटरच्या तोंडावर धरून वरची हवा त्यातून ओढायची. औषध पिवळं पडलं तर पाण्यात जळालेला गॅस आहे. हे किट गॅरेजमध्ये असावंच. मी ते तिसऱ्या वेळी आणलं.

कॉम्प्रेशन (सिलिंडरात हवा दाबली जाते तो दाब) मोजताना शेजारशेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले दिसले तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असं समजायला हरकत नाही. आमच्या गाडीत दोन आणि तीन नंबर पडलेले होते.

ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ लोणी दिसलं की लोक घाबरून गाडी घेऊन येतात. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. घर ते बाजार, बाजार ते घर अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानेच झाकणाला तो थर धरतो. इंजिन पुरतं तापतच नाही, मग ओल जाणार कुठे? डिपस्टिकवरचं ऑइल बघा, ते स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर एक लांबची फेरी मारून या आणि मग पुन्हा बघा. डिझेलमध्ये आणखी दोन चोर असतात. ऑइल कूलर आतून फुटला तर ऑइल पाण्यात येतं, हेडचा काही संबंध नसतो. नव्या गाड्यांत ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धुराचा गॅस थंड करणारा) फुटला तर पाणी गुपचूप कमी होतं, पांढरा धूर येतो, कधी पाण्यात गॅसही येतो, अगदी गॅस्केटसारखीच लक्षणं. हे दोन्ही तपासल्याशिवाय हेडला हात लावू नका.

हेड वाकतं म्हणजे नक्की काय होतं

या गाडीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. साधारण ४५० मिलिमीटर लांबीचं हेड नेहमीपेक्षा १०० अंश जास्त तापलं तर ते सुमारे एक मिलिमीटर वाढायला बघतं. खालचा ब्लॉक तेवढ्याच तापमानाला जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो. वरून बोल्टांनी करकचून आवळलेलं, सरकायला जागा नाही. त्यात ॲल्युमिनियम जास्त तापलं की मऊ पडतं, मग धातू आतल्या आत दबतो आणि थंड झाल्यावर पूर्वीच्या आकाराला येत नाही. मधल्या दोन सिलिंडरांना दोन्ही बाजूंनी शेजारी असल्यामुळे तिथे उष्णता सर्वात जास्त, म्हणून मधला भाग आधी उचलतो. गॅस्केट तिथे ढिलं पडतं, गॅस तेवढ्या फटीतून वाट काढतो आणि धातूसुद्धा कापत जातो.

घाटात यात आणखी भर पडते. ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, समोर पऱ्ह्या वाहतोय, कॅन भरतो आणि थेट गरम इंजिनात ओततो. लालबुंद तव्यावर पाणी मारल्यासारखं होतं ते. बाहेरचा धातू आवळतो, आतला अजून फुगलेला, हेडमधल्या दोन वॉलच्या (व्हॉल्व्हच्या) मध्ये तडा पडायला एवढं पुरतं. त्या आधीची एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी उडून पातळी खाली गेली की तो उघडा पडतो आणि काटा चक्क खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, गाडी निवळली. तो पुढे हाणतो. आमच्या ड्रायव्हरने पहिल्या वेळी हेच केलं होतं. काटा वर गेला, मग खाली आला, म्हणून त्याने घाटमाथा गाठला आणि हेड तिथेच गेलं. काटा उतरल्यावर हीटर चालू करून बघा, थंड हवा आली तर पाणी संपलंय.

मापं घेताना

हेड गरम असताना कधीच उतरवू नये. रात्रभर थंड होऊ द्या. बोल्ट सोडताना आवळण्याच्या उलट क्रमाने, कडेकडून मध्याकडे, प्रत्येकी थोडा थोडा सोडायचा. एकच बोल्ट पूर्ण सोडून पुढच्याला हात घातला तर चांगलं हेडही तुम्हीच वाकवाल.

जुनं गॅस्केट खरवडताना हवेच्या गनला एमरीची चकती लावून फिरवायची सवय जिकडेतिकडे आहे. काम पटकन होतं, पृष्ठभाग चकचकीत दिसतो, म्हणून सगळ्यांना आवडते. पण चकती जिथे थांबते तिथे ॲल्युमिनियममध्ये बशी पडते, आणि एमरीची पूड तेलाच्या वाटेने बेअरिंगपर्यंत जाते. फेस मारून आणलेल्या गाडीचे बेअरिंग महिन्याभरात वाजायला लागले तर आधी या चकतीची आठवण काढा. प्लॅस्टिकची किंवा पितळेची खरवडणी, गॅस्केट काढायचा फोम आणि सबुरी, एवढं पुरतं.

मोजायला लागते ती ग्राइंड केलेली स्ट्रेट एज. शाळेतली स्टीलची पट्टी चालत नाही, तीच वाकलेली असते. आपली स्ट्रेट एज सरळ आहे का हे तिला उलटी करून त्याच रेषेवर पुन्हा माप घेतलं की कळतं. हेड टेबलावर तोंड वर करून ठेवायचं, मागे टॉर्च धरायचा, आणि फटीतून उजेड येतो का ते बघत फिलर गेजची (ठरलेल्या जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा) पाती सरकवायची. दोन लांब कडा, मधली लांब रेषा, दोन कर्ण, आणि प्रत्येक दोन सिलिंडरांच्या मध्ये आडवं. इथे घाई करू नका. पाती जाते की नाही एवढंच बघून चालत नाही, कशी जाते तेही हाताला कळलं पाहिजे.

आमच्या हेडवर तिसऱ्या वेळी मधल्या लांब रेषेत ०.१० ची पाती अलगद गेली, ०.१५ ची ओढून न्यावी लागली, ०.२० ची अडली. म्हणजे मध्ये सुमारे ०.१५ मिलिमीटरची फट. चार सिलिंडरच्या हेडला लांबीत साधारण ०.१० च्या आत आणि आडवं ०.०५ च्या आत हवं, असं बऱ्याच मॅन्युअलमध्ये असतं. काही नव्या इंजिनांना तर यापेक्षाही कमीच फट चालते. तुमच्या इंजिनाचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या, माझा घेऊ नका.

फटीपेक्षा मोठा धक्का कॅमने दिला. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल उघडणारा फिरता दांडा, हेडच्या वर बसते. वॉल, रॉकर सगळं काढून, नुसती कॅम तिच्या जागी ठेवून, कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळून हाताने फिरवून बघायची असते. ती मधल्या जर्नलला (दांडा टेकून फिरतो त्या जागेला) अडत होती. याचा अर्थ हेड केवळ खालून वाकलेलं नव्हतं, अख्खं हेडच केळ्यासारखं झालं होतं. खालून फेस मारला की खालची बाजू सपाट होते, वरची कॅमची ओळ वाकडीच राहते. फेब्रुवारीत कॅम जरा जड फिरली होती, ते माझ्या हाताला जाणवलंही होतं. मी थोडं ऑइल सोडलं आणि पुढे गेलो. त्या दिवशी थांबलो असतो तर तिसरी खेप टळली असती.

असं हेड वाचवायचं असेल तर आधी सरळ करावं लागतं. जाड पोलादी प्लेटवर, दोन टोकांखाली शिम देऊन, मध्ये आवळायचं, भट्टीत कित्येक तास तापवायचं आणि तिथेच सावकाश थंड होऊ द्यायचं. मग कॅमच्या जागा लाइन बोरिंगने एका रेषेत आणायच्या, आणि शेवटी खालून फेस. हे काम करणारा जाणता माणूस जवळपास असेल तरच त्या वाटेला जा.

फेस मारण्याआधी टेस्ट

हा क्रम उलटा करणारे खूप. आधी फेस मारतात, मग तडा सापडतो, मग दोन्ही पैसे पाण्यात. हेडची पाण्याची सगळी भोकं रबर आणि प्लेट लावून बंद करायची, आत हवा भरायची आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. पाणी गरमच हवं, कारण कित्येक तडे थंड हेडमध्ये मिटलेले असतात आणि तापल्यावरच उघडतात. दोन वॉलच्या मधली चिंचोळी जागा आणि इंजेक्टरच्या भोवतालची जागा, बुडबुडे बहुतेक तिथूनच येतात.

टेस्ट झाली की जाडी मोजा. व्हर्निअरने हेडची उंची चार ठिकाणी घ्यायची आणि मॅन्युअलमधल्या किमान उंचीशी ताडायची. काही डिझेल हेडना कंपनी फेस मारायची परवानगीच देत नाही. आमच्या हेडचं माप घेतलं तेव्हा दोन फेसनंतर ते किमान उंचीच्या अगदी काठावर आलेलं होतं. म्हणजे सरळ करून आणलं तरी तिसरा फेस मारायला हेडच उरलं नव्हतं.

मालकाला हे सांगणं सोपं नव्हतं. दोन वेळा त्याच हेडवर त्याच्याकडून पैसे घेतले होते. तो म्हणाला, "मग आधी का नाय सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिसऱ्या वेळची मजुरी घेतली नाही, एवढंच करू शकलो.

जुन्या बाजारातून हेड आणलं, पैसे टेस्टनंतर देईन या बोलीवर. पहिलं आणलं त्यात वॉलच्या मध्ये तडा निघाला, परत केलं. दुसरं टेस्टला पास झालं, कॅम हलकी फिरली, लांबीत ०.०३ ची फट होती. त्याला हलका फेस मारायचं ठरवलं.

लेथवाल्याकडे उभं राहा

आपण त्याला लेथवाला म्हणतो, पण फेस लेथवर होत नाही, मिलिंगवर किंवा सरफेस ग्राइंडरवर होतो. हेड देऊन चहाला जाऊ नका, तिथेच उभं राहा. वाकलेलं हेड बेडवर ठेवलं की त्याची टोकं किंवा मध्य अधांतरी असतो. तसंच क्लॅम्पने दाबून धरलं तर ते दाबाखाली सरळ होतं, कटर सुंदर सपाट फिरतो, आणि क्लॅम्प सोडल्याबरोबर हेड पुन्हा आपल्या वाकड्या आकाराला जातं. फेस मारून आणलेलं हेड गॅरेजला मोजलं तर पुन्हा फट दिसते, ती बहुतेक यामुळे. अधांतरी जागी शिम भरून, जेमतेम हलणार नाही इतकंच आवळायला सांगा. आणि किमान निघेल तेवढंच काढायला सांगा. पहिल्या कटला अर्धाच पृष्ठभाग घासला जातो, अगदी बारीक दुसऱ्या कटला सगळीकडे कटरची खूण आली की थांबायचं. "एकदाच भरपूर काढून टाकतो, पुन्हा त्रास नको" असं कोणी म्हणालं तर हेड उचला आणि घरी या.

पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा हे गॅस्केटवर ठरतं. जुनं कंपोझिट गॅस्केट थोड्या खरखरीत पृष्ठभागाला चांगलं धरतं. स्टीलच्या पत्र्यांचं, अनेक थरांचं गॅस्केट असेल तर पृष्ठभाग त्याहून बराच गुळगुळीत हवा, ०.८ मायक्रॉन आरएच्या (खरखरीतपणाचं माप) आसपास किंवा त्याखाली. मोजायचं यंत्र नसेल तर नख फिरवा. नख कटरच्या रेघांत अडकत असेल तर स्टीलच्या गॅस्केटला तो फेस चालणार नाही.

काचेवर एमरी कागद चिकटवून हेड घासायची पद्धत मी मोडीत काढत नाही. बाइकचं किंवा जुन्या एका सिलिंडरच्या इंजिनाचं छोटं हेड आठाच्या आकारात फिरवून, मार्करने रेघा मारून त्या पुसल्या जाईपर्यंत घासलं तर चांगलं निघतं. चार सिलिंडरच्या हेडला दोन हातांचा दाब कधीच सारखा पडत नाही, कडा गोल होतात.

डिझेलमध्ये फेस मारला की वॉलचं डोकं पिस्टनच्या तेवढं जवळ येतं. मधली जागा आधीच कमी असते, म्हणून वॉलची खोली डेप्थ गेजने मोजायची आणि गरज असेल तर सीट पुन्हा कापून वॉल आत घ्यायचा. जुन्या पद्धतीच्या, प्री-चेंबरवाल्या (डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात पेटतं अशा) इंजिनात चेंबरचं तोंड बाहेर आलेलं नाही ना तेही बघायचं. गॅस्केटच्या कडेला एक, दोन, तीन खाचा किंवा भोकं असतात, ती जाडीची खूण. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो हे डायल गेजने मोजून त्याप्रमाणे जाडी घ्यायची असते. जुनं होतं त्याच खाचांचं घेतलं की काम होतं, असं मी दहा वर्षं मानत होतो. बहुतेकदा चालतंही. ब्लॉकचा फेस मारलेला असला किंवा पिस्टन बदललेले असले की मग कळतं.

ब्लॉककडे कोणी बघत नाही

हेड उतरवलं की सगळं लक्ष हेडवर, आणि ब्लॉक तसाच फडक्याने पुसून घेतात. त्याचीही मापं घ्या, त्याच रेषांनी. आमचा ब्लॉक ०.०४ च्या आत निघाला, म्हणजे बरा होता. पण पाण्याच्या भोकांच्या कडा खारट पाण्याने खाल्ल्या होत्या, गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्यासारख्या. गॅस्केटची रबरी रेघ जिथे बसते तिथपर्यंत खड्डे पोचले नव्हते म्हणून वाचलो. तिथपर्यंत गेले असते तर सगळं इंजिन उतरवून ब्लॉकचा फेस मारणं आलंच.

बोल्टची भोकं ब्लॉकमध्ये बहुधा आंधळी, म्हणजे तळ बंद असलेली, असतात. तळाशी पाणी किंवा ऑइल राहिलं आणि बोल्ट आवळला तर टॉर्क पाना आवाज देतो पण हेड दाबलं गेलेलं नसतं, बोल्ट पाण्यावर बसलेला असतो. कधी ब्लॉकच तडकतो. प्रत्येक भोकात हवा मारा, काडीला कापूस गुंडाळून तळ पुसा. ज्या इंजिनात शेवटचा टप्पा अंशांत आहे, म्हणजे टॉर्क देऊन मग ९० अंश फिरवायचं, त्यातले बोल्ट बहुधा ताणले जाणारे असतात, ते पुन्हा वापरू नका. मध्यापासून बाहेर, टप्प्याटप्प्याने, मॅन्युअलमध्ये जेवढे टप्पे तेवढेच.

मग उष्णता येत होती कुठून?

दोन्ही वेळा मी थर्मोस्टॅट बदलला होता, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) बघितली होती, रेडिएटर आतून साफ करून आणला होता. पाणी नळासारखं वाहत होतं. म्हणून रेडिएटर ठीक आहे अशी माझी समजूत.

तिसऱ्या वेळी पुढचा बंपर काढला. वरचा अर्धा भाग बॉनेट उघडल्यावर नेहमी दिसतो, तो काळाभोर, शाबूत. खालचा अर्धा, नंबर प्लेट आणि बंपरच्या मागे लपलेला, पांढरा पडला होता. बोटाने फिन (नळ्यांमधला पातळ पत्रा) दाबली तर पापडासारखी मोडली आणि पांढरी भुकटी हातावर आली. आतल्या नळ्या धड, पण नळीची उष्णता हवेला देणारे पत्रे नळ्यांपासून सुटलेले. पाणी गरम आत जात होतं आणि जवळजवळ तसंच गरम बाहेर येत होतं. सपाट रस्त्यावर वरचा अर्धा भाग निभावून नेत होता. पूर्ण लोड, दुसरा गिअर, वारा नाही आणि इंजिन जोरात, अशा वेळी तेवढ्याने भागत नव्हतं.

ही गाडी रोज तासन् तास बंदरावर उभी राहते, समुद्राकडे तोंड करून. खारा वारा, लाटांचे तुषार, वरून जांभ्याच्या रस्त्याची लाल धूळ. धूळ फिनमध्ये बसते, मीठ धरून ठेवते, रात्रीच्या दंवाने ओलं होतं, आणि ॲल्युमिनियम खाल्लं जातं. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये हीच गोष्ट डाखाच्या जागी होते.

हे लवकर ओळखायला इन्फ्रारेड थर्मामीटर हवा. इंजिन पूर्ण तापलेलं आणि फॅन फिरत असताना रेडिएटरच्या अंगावरून रांगेने तापमान घ्या. मधूनच थंड पट्टे दिसले तर आतून नळ्या बुजल्या आहेत. सगळीकडे सारखंच गरम, आणि आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या होसमध्ये फारसा फरक नाही, तर फिन गेल्या असण्याचा संशय घ्या. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या चांगल्या गाडीशी ताडून बघितलं की खात्री होते. नाहीतर माझ्यासारखं बंपर काढा आणि बोट लावा, ते सर्वात स्वस्त.

आणखी दोन गोष्टी सापडल्या. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर एका बाजूला तुटलेलं, त्यामुळे फॅन रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवा फिरवत होता. ते ऑक्टोबरात माझ्याच पोराकडून काढताना तुटलं होतं, आणि वायरने बांधून दिलं होतं. दुसरी, झाकणाचं रबर कडक झालेलं. झाकण ०.९ ते १.१ बारचा दाब धरतं म्हणून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. दाब धरला नाही की १०० लाच उकळी.

आणि पाणी. बंदरावरच्या विहिरीचं पाणी प्यायलाच मचूळ लागतं, तेच वर्षानुवर्षं बाटलीत. त्याने आतून ॲल्युमिनियम आणि बीड दोन्ही खाल्लं जातं. कूलंट महाग वाटतं म्हणून टाळलं जातं. निदान पावसाचं स्वच्छ धरलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी आणि त्यात अर्धं कूलंट, एवढं तरी करा.

होडीवाल्यांसाठी थोडक्यात

ट्रॉलरच्या इंजिनाची हेडं बहुतेक बिडाची, तुलनेत कमी वाकतात, पण तडकतात. तिथे समुद्राच्या पाण्याच्या पंपाचा रबरी इंपेलर आधी बघा. एक पाकळी तुटली तर ती पुढे हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांत जाऊन बसते, आणि नवा इंपेलर टाकूनही गरम व्हायचं थांबत नाही. तुटलेला तुकडा हातात मिळेपर्यंत शोधा. झिंकचा गट्टू (बाकीच्या धातूऐवजी स्वतः झिजतो तो) अर्ध्याहून जास्त झिजला असेल तर बदला. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सगळेच इंजिनं खोलतात, मशीन शॉपमध्ये रांग लागते, त्यामुळे हेड मे संपतानाच द्या.

नवीन रेडिएटर, नवं कव्हर, नवं झाकण आणि टेस्ट केलेलं हेड टाकून पिकअप मेच्या पहिल्या आठवड्यात दिली. पहिल्या फेरीला मी स्वतः बाजूला बसलो, बर्फासकट पूर्ण लोड. घाटात दुसऱ्या गिअरवर काटा अर्ध्याच्या जरा वर गेला आणि तिथेच थांबला. वर पोचल्यावर ड्रायव्हरने सवयीने पाण्याचा कॅन काढला होता, तो तसाच परत ठेवला. आता दर दोन महिन्यांनी बंपर काढून, रेडिएटर मागच्या बाजूने गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुवायचं ठरलंय. दोन वेळा धुऊन झालाय.